नवव्या कलमाची फेरतपासणी

मी, आर्मास रौताला, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा वेल्डिंग आणि वेल्डिंग शिकवण्याची शाळा, राहणार थंडर बे, ओंटारियो, हे लिहून ठेवतो ते माझ्या स्वतःच्या मर्जीने. कोणी मागे उभे राहून सांगितले म्हणून नव्हे. फुप्फुसे कामातून गेली आहेत, डोके गेलेले नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या मुलाला दाखले आवडतात. कान तर अजून इतके शाबूत आहेत की दाराबाहेर नर्स माझ्याविषयी काय कुजबुजते ते मला इथे ऐकू येते. तिचे म्हणणे, बर्फ वितळेपर्यंत मी टिकणार नाही. मलाही तसेच वाटते, म्हणून घाई.

यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्या वेळी माझा लोकांवर जास्त विश्वास होता.

पहिले. राहते घर आणि सरोवराकाठची लाकडी झोपडी, तिथल्या सौनासकट, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरासकट, माझा एकुलता एक मुलगा लायल याला द्यावी. सौनातली लाकडाची चूल काढून त्याने विजेची बसवली, तर मी अडवू शकत नाही. पण त्याची आई हेल्वी त्या चुलीपाशी बसून गात असे, एवढे त्याने बटण दाबताना आठवावे.

दुसरे. शेजारी हॅरल्ड पिंकनी याने माझे बर्फ उडवायचे यंत्र नेले, ते पाते वाकवून परत केले आणि वर म्हणाला, "तुमचं आधीच वाकलेलं होतं हो, आर्मासराव." ते यंत्र आता त्यालाच द्यावे. पाते सरळ करू नये.

तिसरे. माझी हत्यारे शाळेतच राहावीत. शाळेचे पुढे काय करायचे हे पाचव्यात लिहिले आहे. ते समजायला आधी थोडे मागचे सांगावे लागेल. वकील मोफॅटबाई म्हणतात की मृत्युपत्रात इतिहास लिहीत नाहीत. त्यांची फी मी देतो, म्हणून लिहितो.

मी जहाजाच्या गोदीत काम शिकलो. आमच्या उस्तादाला दोनच पोरे आवडत, ज्यांना आधीपासून येत होते ती. बाकीच्यांच्या हाती झाडू. त्या झाडूवाल्यांपैकी एकाला पुढे माणसे कमी पडली म्हणून वेल्डिंगचा मास्क घालून उभे केले. त्याने केलेला सांधा वरून गुळगुळीत होता, आतून पोकळ. वसंतात माल चढवताना तो सुटला आणि जहाजाच्या कोठाराचे लोखंडी झाकण खाली आले. खाली कोण होते ते लिहीत नाही. जो गेला त्याची बहीण अजून या गावात आहे. चौकशीत उस्ताद म्हणाला, "त्याला येत नव्हतं, त्यात माझा काय दोष?" हे वाक्य माझ्या कानातून कधी गेले नाही.

म्हणून शाळा काढली तेव्हा शिक्षकांच्या नेमणुकीच्या करारात मी नववे कलम घातले. शिकवण्याचा दर्जा मोजायचा तो वर्गातल्या सर्वांत कच्च्या विद्यार्थ्यावरून. हिवाळा संपताना त्याने कामाच्या बाकापाशी उभे राहून, खालून वर जाणारा उभा सांधा करायचा, आणि हात चालू असताना काय करतोय ते परक्या माणसाला मोठ्याने सांगायचे. शिक्षकाने भिंतीशी खुर्चीत बसायचे. हात मांडीवर, तोंड बंद. सलग दोन वर्षे तो विद्यार्थी नापास झाला तर शिक्षकाचा करार पुढे चालवायचा नाही. गावात लोक हसले. "हुशार पोरांवरून मोजतात हो मास्तर!" मी म्हणालो, हुशार पोरे तुमच्याशिवायही शिकतात.

पुष्कळ वर्षे सगळे पास होत गेले. मी जिथे जाई तिथे हे सांगत असे.

मग मागल्या हिवाळ्यात मी शाळेतल्या खोलीत पांघरूण घेऊन बसू लागलो, कारण घरी करमेना. शिक्षकांच्या खोलीतून माझ्या खोलीत गरम हवेची नळी येते. हवेबरोबर बोलणेही येते. नाताळाच्या आधीच्या आठवड्यात डंकन फॅरागर या आमच्या जुन्या शिक्षकाचा आवाज आला, अगदी मायेचा.

"कॉफी घे, बाळ. साखर? हे बघ, तू हुशार आहेस. पण हे काम तुझ्यासाठी नाही. उगाच कशाला जीव काढतेस? नवीन वर्षाआधी नाव काढलंस तर कागदावर काही डाग नाही."

मुलगी म्हणाली, "मी शिकेन ना, सर."

"शिकशील गं. दुसरीकडे."

ती गेल्यावर दुसरा कोणीतरी म्हणाला, "झाली का झाडलोट?"

"एक राहिलाय. त्याला कॉफी चालत नाही, चहा लागतो," फॅरागर म्हणाला, आणि खोलीभर हशा झाला.

दरवर्षी नाताळाआधी हे चालत आले होते. त्याला नावसुद्धा पडले होते. कच्चे ते झाडून टाकायचे; मग हिवाळा संपताना पटावर उरलेला सर्वांत कच्चासुद्धा बरा निघतो. माझ्या कलमाने झाडू हातातून काढला नव्हता, फक्त तो कॉफीच्या कपात लपवला होता.

चौथे. म्हणून शिक्षकांच्या खोलीतले कॉफीचे यंत्र डंकन फॅरागर यांना द्यावे. कपही. एकही कप मागे ठेवू नये.

त्या मुलीचे नाव डोलोरेस वाबास. मी तिला शोधून फोन केला. ती निपिगॉनला पेट्रोल पंपावर आहे.

"फी राहिलीय का माझी?" तिने पहिले हेच विचारले.

"नाही. परत येशील का, विचारायला फोन केला."

तिने आधी एका गाडीचे पैसे घेतले. मग म्हणाली, "मास्क अजून आहे माझ्याकडे. चुलीतली राख काढताना घालते. तुमचे फॅरागर सर आहेत का तिथे अजून?"

"आहेत."

"मग नको, आजोबा. पण फोन केलात, बरं वाटलं."

सगळ्या शाळेत एकच शिक्षिका झाडलोट करत नव्हती: ओडेट लाशान्स. तिच्या वर्गात क्लॅरन्स बुशबी नावाचा माणूस आहे, वय पन्नाशीपुढे. कागदाची गिरणी बंद पडली तेव्हा रस्त्यावर आला. त्याचा हात थरथरतो. दारूने नव्हे, उपजत. सलग दोन वर्षे तो परीक्षेला उभा राहिला. प्रत्येक गोष्ट तोंडाने बरोबर सांगितली, आणि सांधा नागमोडी गेला. ओडेटबाई खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. दुसऱ्या वर्षी मी तिथे होतो. त्यांची बोटे त्याच्या वेल्डिंगच्या रॉडबरोबर मांडीवर हलत होती.

दोन वर्षे, दोनदा नापास. मी इस्पितळात असताना लायलने त्यांना करार संपल्याचे पत्र दिले. शाळेचा कारभार आता तोच पाहतो. मी त्याला बोलावून घेतले.

"नियम तुमचाच आहे, बाबा," तो म्हणाला. "मी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही."

"फॅरागर पोरं हाकलतो, ते ठाऊक होतं तुला?"

"सगळ्यांनाच ठाऊक होतं. तुमच्या त्या कलमाखाली घर चालवायचं असतं माणसांना. फॅरागरला तीन पोरं आहेत. त्यानं काय करायचं होतं? सांगा ना."

त्याचे खोटे नव्हते. म्हणून मी रागावलो नाही, कलम दुरुस्त करायला बसलो. नवे कलम असे: कच्चा विद्यार्थी निवडायचा तो पहिल्या दिवशीच्या पटावरून. मधेच गेलेला असेल तर त्याला नापास धरायचे. मागल्या वर्षाला हे लावून पाहिले. सगळे शिक्षक नापास झाले. ओडेटबाईसुद्धा. फरक एवढाच, की त्यांचा नापास माणूस वर्गात हजर होता. म्हणून पुढे जोडले: नापास झालेला विद्यार्थी पुढल्या वर्षी आपणहून त्याच शिक्षकाकडे परत आला, तर त्या शिक्षकाचा करार मोडता येणार नाही. याहून बरे मोजमाप मला सुचत नाही. ज्याला सुचेल त्याने मी असेतोवर येऊन सांगावे.

लायलला मी म्हणालो, शाळा तुझीच. अट एकच: हे कलम सर्वांच्या करारात घाल, आणि ओडेटबाईंना परत घे.

त्याने कागद दोनदा वाचला. "असल्या करारावर कोणी सही करणार नाही. फॅरागर जाईल, त्याच्यामागून बाकीचे जातील. ओडेटबाई आणि क्लॅरन्स, दोघंच उरतील. मला नको ही शाळा, बाबा. घर द्या, झोपडी द्या. शाळा नको." आणि मग, दारातून मागे वळून, "औषध घेतलंत का?"

ओडेटबाईंना हे सांगितले तेव्हा त्या खूश होतील असे वाटले होते. त्या माझ्या पलंगाशी कोट न काढता बसल्या.

"म्हणजे तुमच्या नव्या कलमानं माझी नोकरी वाचते."

"वाचते."

"पण क्लॅरन्सला अजून वेल्डिंग येत नाही, मालक."

  त्यावर मला जे सुचले ते खाली लिहितो.

पाचवे. रौताला वेल्डिंग शाळा कोणालाही देऊ नये व विकू नये. वकील मोफॅटबाई यांनी विश्वस्त म्हणून ती ताब्यात घ्यावी. या उन्हाळ्यात सर्व करार संपतील. ज्यांना जायचे आहे त्यांना दाराशी गाठून वाद घालू नये. त्यानंतर एकच वर्ग चालवावा. शिक्षिका ओडेट लाशान्स, पूर्ण पगारावर, दुरुस्त केलेल्या नवव्या कलमासह. विद्यार्थी म्हणून क्लॅरन्स बुशबी, आणि आजवर नाताळाआधी ज्यांची नावे काढली गेली त्या सर्वांना एकेक फोन करून बोलवावे, फी न घेता. डोलोरेस वाबास हिला पहिला फोन करावा आणि फॅरागर गेले हे आधी सांगावे. माझी सर्व शिल्लक याच कामी लावावी. नवीन कोणालाही घेऊ नये.

शाळा बंद करण्याची तारीख मी देत नाही. त्या वर्गातला सर्वांत कच्चा माणूस उभा सांधा नीट करून दाखवील, त्या दिवशी दिवे मालवून कुलूप लावावे. त्याआधी नाही. शिल्लक संपली तर मात्र मोफॅटबाईंचा नाइलाज आहे, हे मला कळते.

सहावे. माझ्या अंत्यविधीला भाषणे नकोत. राय धान्याची काळी भाकरी, लोणी, कॉफी. फॅरागर आले तर त्यांना बसायला जागा द्यावी.

क्लॅरन्स बुशबी यांना या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची होती. "तेवढी तरी येते मला," ते म्हणाले. मोफॅटबाईंनी अडवले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष करू नये, असा कायदा आहे. "मला काय मिळतंय?" त्यांनी विचारले. तेव्हा पाचवे मोठ्याने वाचून दाखवावे लागले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हात दाबून धरले.

"मालक," ते म्हणाले, "म्हणजे ही शाळा मी बंद करायची."

हे वाक्य मसुद्यातून काढा, असे मोफॅटबाईंचे मत आहे. मी ठेवले आहे.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत, एकाच वेळी, एकाच खोलीत खाली सही करतो.

(सही) आर्मास रौताला

साक्षीदार:
१. (सही) ब्रेंडा सोमरव्हिल, परिचारिका, थंडर बे
२. (सही) ग्रेगर टॅलन, मोफॅटबाईंच्या कचेरीतील कारकून, थंडर बे

ठिकाण: थंडर बे, ओंटारियो
दिनांक: ११ मार्च २०२४