मोरांच्या वाट्याची ज्वारी

॥ श्री ॥
रहाटणी, ता. ४ डिसेंबर १९५५

तीर्थरूप अक्का हिचे चरणी सोपानचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. मंजुळेचा खोकला थांबला. तुझ्या भाचीला दात आले आहेत आणि ती दिसेल त्याला चावते, परवा माझ्या टोपीलाही सोडलं नाही.

आता मुद्द्याचं. पिंपरीला कारखाना झाल्यापासून रोज कुणी ना कुणी बोचकं घेऊन दारात उभं राहतं, खोली आहे का विचारतं. आपल्या गोठ्यात नगरकडचा इनायत फिटर बायकोपोरांना घेऊन राहतो आहे. आडोशाला पोती बांधून त्यांनी पावसाळा कसा काढला, ते मी डोळ्यांनी पाहिलं. नदीकाठचं बाभूळबन तोडलं तर तिथे खोल्या उभ्या करता येतील. पण बन आबांनी जाताना तुझ्या चोळी-बांगडीसाठी लावून दिलेलं. तू नाही म्हणालीस तर कुऱ्हाड लागणार नाही.

बनात मोर आहेत हे तुला सांगायला नको. आखितीला माहेरी आलीस की पहिल्याच पहाटे त्यांच्या ओरडण्याने तू जागी होतेस आणि साऱ्या घराला उठवतेस. सासरी मात्र उन्हं वर येईपर्यंत लोळतेस, असं दाजी सांगत होते!

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा सोपान

बार्शी, ता. १९ डिसेंबर १९५५

चि. सोपान यास अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

दाजींचं काही खरं मानू नकोस. त्यांना चहा उशिरा मिळाला की ते माझी गाऱ्हाणी गावभर सांगतात.

तुझं पत्र आल्यापासून मी ते रोज काढून वाचते. साळिंदराचे काटे गोळा करून दौतीत बुडवून आपण लिहायचो, ते त्याच बनात. कोल्हा दिसला म्हणून माझ्या परकरात तोंड खुपसलंस आणि घरी येऊन आबांना सांगितलंस की तूच त्याला पिटाळलंस. आठवतं का? मला सगळं आठवतं.

पण माझी बाळंतपणं पक्क्या घरात झाली. इनायतच्या बायकोला मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? तोड बन.

एकच मागते. ज्वारी कापताना आबा बनाकडची शेवटची ओळ उभी ठेवायचे. तिच्या टोकाला हळदकुंकू वाहून विळा खाली ठेवायचे आणि आता पाहुण्यांनी जेवायला यावं म्हणायचे. ती ओळ म्हणजे मोरांचं तास, ते मोडू नकोस. मोर जेवायला येत राहिले, तर माझं माहेर आहे तिथेच आहे असं मी समजेन.

मंजुळेला जप, पोरीची दृष्ट काढ.
अक्का

रहाटणी, ता. ११ मार्च १९५६

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

बन गेलं. खोल्यांवर पत्रे चढले. इनायत आणि त्याची बायको कमरुन्निसाभाभी पहिल्या खोलीत राहायला गेली. ज्वारी कापली आणि तुझ्या शब्दाप्रमाणे मोरांचं तास उभं ठेवलं.

मोर आले, अक्का! मंजुळेने मला जेवत्या ताटावरून उठवून नेलं. वाटलं, आत्ताच जाऊन तुला तार करावी.

पण पूर्वी जरा खुट्ट झालं की ते बनात शिरत. आता शिरायला काही नाही, नुसतं उघडं रान. वस्तीबरोबर कुत्री आली आहेत, ती बांधाआड दबा धरून बसतात. आपला तो थोरला मोर लांब पिसाऱ्याने चटकन उठू शकला नाही. मी काठी घेऊन पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परवा एक लांडोर जिवाच्या आकांताने कमरुन्निसाभाभीच्या खोलीत घुसली आणि खाटेखाली दडली. भाभीने दार लावून घेतलं आणि कुत्री जाईपर्यंत ती दाराला पाठ लावून बसली. म्हणाली की आसऱ्याला आलेल्या पाखराला बाहेर कसं काढायचं.

तरी दुसऱ्या दिवशी उरलेले मोर पुन्हा त्याच तासावर. हाकलले तरी फिरून येतात. काल विळा घेऊन गेलो, टोकाचं हळदकुंकू पाहिलं आणि तसाच परतलो. आबांचा रिवाज आणि तुला दिलेला शब्द मी एकट्याने कसा मोडू? काय करू ते लवकर कळव.

तुझा सोपान

बार्शी, ता. १६ मार्च १९५६

चि. सोपान यास आशीर्वाद.

तास काप. पत्र मिळेल त्याच दिवशी काप.

आबा ज्वारी ठेवत ती बनाच्या भरवशावर. बन मोडून नुसती ज्वारी ठेवायला मी सांगितलं आणि आपण पाहुण्यांना जेवायला बोलावून कुत्र्यांच्या तोंडी दिलं. मला अन्न गोड लागत नाही.

मजूर लावू नकोस, तूच जा. खाली दाणा राहू देऊ नकोस. मग ते आले तर हाकल. मन घट्ट कर आणि हाकल, माझी शपथ आहे.

अक्का

रहाटणी, ता. ८ एप्रिल १९५६

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

कापलं. मंजुळा आणि भाभी सांडलेले दाणे वेचत माझ्या मागे मागे आल्या.

संध्याकाळी मोर आले. धसकटांतून इकडून तिकडे फिरले. ती खाटेखालची लांडोर टोकाशी येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. मी ढेकूळ उचललं, पण हात उठेना. शेवटी डोळे मिटून मारलं. मग ती सगळी नदीच्या काठाने वर वाकडच्या अंगाला गेली. पुन्हा आली नाहीत. तिकडच्या ओढ्यात मोर दिसल्याचं एका मेंढपाळाने सांगितलं. ते मी खरं मानून चाललो आहे.

त्या तासाची ज्वारी गाठोडं बांधून ठेवली आहे. आपल्या घरात ती कधी कुणी खाल्लेली नाही, म्हणून दळायला धजत नाही. आखिती जवळ आली. मी न्यायला येऊ का, हे विचारायलाही भीती वाटते.

तुझा सोपान

बार्शी, ता. २ मे १९५६

चि. सोपान यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

वेडा आहेस. न्यायला ये. तुम्ही सगळी तिथे आहात तोवर मी का येणार नाही? भाचीला चावायला माझं बोट राखून ठेवलं आहे.

ती ज्वारी दळून आण. पहिली भाकरी कमरुन्निसाच्या पोरांना वाढ. आता पाहुणे तेच आहेत.

मंजुळेला सांग, माझं अंथरूण नदीकडच्या खिडकीपाशी नको, आतल्या खोलीत घाल. आणि पहिल्या दिवशी पहाटे मला कुणी उठवू नका. उन्हं वर येईपर्यंत झोपू द्या, सासरी झोपते तशी.

माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझी अक्का