लिंबाला गोडं पाणी

अण्णा, अहमदीतलं आपलं घर आज पाडलं. मी तिथे उभी होते. हॉस्पिटलच्या लॅबमधून रजा काढून सकाळीच फहाहीलहून गाडी घेऊन गेले होते, कारण आपली अख्खी रांग पाडणार असं कळल्यापासून मला धड झोप नव्हती. जुनं घर पडताना लोक रडतात म्हणे. मला ते मोडलेलं बघायचं होतं. स्वयंपाकघराची ती भिंत, जिच्यावर तुम्ही आईचं डोकं आपटलंत, ती माझ्या डोळ्यांदेखत मातीत जायला हवी होती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्यावरचा राग मी सणाची भांडी ठेवतात तसा नीट घासूनपुसून ठेवलाय. भिंत पडली की तो संपणार, तुमचं माझं काही उरणार नाही, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. आई गुहागरला धाकट्या मामाकडे असते. तिला आदल्या दिवशी फोनवर सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "लिंबू आहे का बघ गो तिथे अजून."

तुम्हाला अहमदीचा केवढा अभिमान! आखातातल्या या वाळवंटात तेल लागलं, आणि तेल काढणाऱ्या माणसांना राहायला कंपनीने टेकाडावर गावच वसवलं, ही गोष्ट तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला अशी सांगायचात की जणू पहिली वीट तुम्हीच ठेवली. पट्टीने आखलेले रस्ते, त्यांना नावं नाहीत, आकडे. दुतर्फा झाडं, प्रत्येक घराला कण्हेरीचं कुंपण. उत्तरेला साहेबांचे बंगले, मधे डॉक्टर आणि कारकून, दक्षिणेला आपल्यासारख्या कामगारांच्या रांगा. गोरे साहेब आपल्या वेळेपर्यंत फार थोडे उरले होते, पण त्यांनी रचलेली उतरंड जागच्या जागी होती. माणूस कुठल्या पायरीवर आहे ते त्याच्या खोल्यांवरून आणि कुंपणावरून कळायचं. तुमचं कुंपण साहेबांच्या कुंपणाहून सरळ असायचं. कामावरून आलात की चहासुद्धा न घेता कातरी घेऊन उभे राहायचात, आणि एक पान बाहेर आलेलं तुम्हाला खपायचं नाही. घरात आम्ही दोघी, आई आणि मी, त्या पानांसारख्याच होतो. कधी कुठे बाहेर येऊ आणि छाटल्या जाऊ, याचा नेम नसायचा.

आणि ते दोन नळ. अंगणात शेजारी शेजारी, एक गोड्या पाण्याचा, एक मचूळ. गोडं पाणी समुद्राचा खार काढून केलेलं, म्हणून ते पिण्याला आणि स्वयंपाकाला. मचूळ जमिनीतलं, ते बागेला. मी दुसरीत असताना आईने स्वयंपाकघराच्या मागे लिंबाचं रोप लावलं होतं. मचूळ पाण्यावर कण्हेर तरारते, लिंबू कुठलं तरायला? पानांच्या कडा करपायला लागल्या, तेव्हा आई रबरी नळी गोड्या नळाला लावून त्याला पाणी घालायला लागली. कोकणातली बाई ती, डोळ्यांदेखत झाड मरताना तिला बघवेना. नेमका त्याच संध्याकाळी पाण्याचा इन्स्पेक्टर फिरत आला. त्याने तुम्हाला रांगेतल्या सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाला, "पाइपफिटर आहेस ना? कुठलं पाणी कुठे जातं ते तुला माहीत नाही?" तुम्ही खाली मान घालून "सॉरी सर, सॉरी सर" करत राहिलात. तो अंगणातल्या गोड्या नळाची चावी काढून घेऊन गेला, गोडं पाणी उरलं ते आतल्या सिंकलाच. तुम्ही आत आलात, दार लावलंत.

मी ओट्याखाली तांदळाच्या डब्याला चिकटून बसलेली आहे. मला आईची पावलं दिसतायत आणि तुमचे बूट. पहिली थप्पड, दुसरी, मग तुम्ही तिचे केस धरता आणि डोकं भिंतीवर आपटता, एकदा, पुन्हा एकदा. आई ओरडत नाही. रांगेतली घरं एकमेकांना खेटून आहेत, पलीकडे ताटात वाटी ठेवली तरी ऐकू येते, म्हणून ती ओरडत नाही. तिच्या डाव्या कानातून रक्त येतं आणि पदरावर उतरतं. तुम्ही हात धुता आणि विचारता, "जेवायला काय केलंयस?" पलीकडच्या घरातला रेडिओ कोणीतरी मोठा करतं. अहमदीचा हा स्वभाव मला त्या दिवशी कळला. सगळ्यांना सगळं ऐकू यायचं, आणि कुंपणं तेवढी सरळ ठेवायची.

आई त्या कानाने कायमची बहिरी झाली. पुढच्या आठवड्यात तुम्ही मला लाल सायकल आणलीत. मी ती घेतली, मुलं घेतातच. तिच्यावर बसून मी अख्खं अहमदी पालथं घातलं, उत्तरेच्या बंगल्यांपर्यंत गेले, तिथून पहारेकऱ्याने मला परत फिरवलं. सायकल चालवताना मी एकच विचार करायचे, की तुम्ही मरा. एकदा तुम्ही मला वर्कशॉपमध्ये नेलंत. पाइपाचे आटे कसे पाडायचे, त्यावर सुतळी कशी गुंडाळायची, सफेदा कसा लावायचा ते दाखवलंत, आणि जोड घट्ट झाल्यावर त्यावरून शेंदरी रंगाचा एक पट्टा ओढलात. ती तुमची खोड होती, दुसरा कोणी तसं करत नसे. मी चुकून ओल्या पट्ट्यावर बोट ठेवलं, तर माझ्या बोटांवर पाना हाणलात आणि म्हणालात, "जोड गळला की माणसाची लायकी कळते." माझं नख काळं पडलं. तुमच्या हाताखालच्या माणसांनी दुसरीकडे बघितलं.

मग मी चौथीत असताना, ऑगस्टमध्ये, इराकी सैन्य आलं आणि तुमची उतरंड एका सकाळीत फुटली. साहेबांच्या बंगल्यांतून सैनिक सोफे ओढत बाहेर काढत होते. माझी सायकल एका मिशीवाल्या सैनिकाने घेतली आणि गुडघे फाकवून रस्त्यावर गोल गोल चालवली, मी खिडकीतून बघत होते. त्यांनी आपला फ्रिज नेला. लोणच्याच्या बरणीत एकाने बोट घालून चाटलं, थुंकला आणि बरणी तेवढी ठेवून गेला. शेवटी गाडीची किल्ली मागितली. तुम्ही नाही म्हणालात. एका पोरसवदा सैनिकाने बंदुकीच्या दस्त्याने तुमच्या तोंडावर मारलं, तुम्ही तुमच्याच कण्हेरीत पडलात, आणि तो मारतच राहिला, खांद्यावर, बरगड्यांवर. तुम्ही हात वर करून "सॉरी सर" म्हणत होतात. आई घरातून धावत आली आणि तुमच्यावर आडवी पडली. "मेल्या, तुला आईबाप आहेत का नाहीत?" ती त्याच्यावर ओरडत होती, इतक्या मोठ्याने मी तिला कधी ऐकलं नव्हतं. त्याला काय कळणार? एक दस्ता तिच्या पाठीत घातला आणि किल्ली घेऊन गेला. तुमचे दोन दात मातीत पडले होते. तुम्ही उठलात आणि तिला पहिलं वाक्य म्हणालात, "तुला मधे पडायला कोणी सांगितलं होतं?"

बगदाद, अम्मान करत आपण गावी पोचलो. लढाई संपल्यावर तुम्ही एकटेच परत गेलात, कारण विहिरी पेटल्या होत्या आणि पाइप जोडणारी माणसं हवी होती. दिवसा अंधार असतो, भिंतींना काजळी धरलीय, झाडं मेलीत, असं तुम्ही लिहिलं होतंत. तो धूर छातीत घेऊन आलात, खोकत राहिलात आणि गेलात. मी रडले नाही. शेजारणी म्हणाल्या, पोरगी दगड आहे. पुढे नोकरीसाठी मीही इकडेच आले.

आता आजचं सांगते. मी पोचले तेव्हा अर्धी रांग आडवी झाली होती. लिंबू कुठलं असणार? नुसती वाळू आणि उडून आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. आपल्या घरात एक बिहारी कामगार घण घेऊन ओट्याची कडा फोडत होता. मला बघून म्हणाला, "मॅडम, इधर मत आइए, छत गिरेगा."

मी म्हटलं, "भाई, एक बार मुझे मारने दो."

तो हसला. "आपका घर था क्या?"

"हाँ."

"तो मारिए," म्हणाला आणि डोक्यावरचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर ठेवलं.

मी त्या भिंतीवर घण घातला. पहिला घाव मनगटात झणाणला, दुसऱ्याला प्लास्टर गेलं, मग मी थांबलेच नाही. तोंडाने काय बोलत होते ते त्याला कळलं नाही, बरं झालं. तुम्हाला मराठीत देता येतील तेवढ्या शिव्या दिल्या. विटा निखळल्या आणि आत एक पाइप दिसला. अर्ध्या इंचाचा, सिंकच्या गोड्या लाइनवरून फाटा काढलेला, भिंतीतून खाली उतरून बाहेर मागच्या बाजूला गेलेला. बाहेर जाऊन मी पायाने वाळू उकरली. तो लिंबाच्या जागेपर्यंत आला होता आणि तिथे त्याला बारीक भोकं पाडलेली होती. परत आत आले. भिंतीतल्या जोडाला सुतळी होती, सफेदा होता, आणि वरून शेंदरी पट्टा.

म्हणजे त्या मारानंतर तुम्ही इन्स्पेक्टरच्या नाकावर टिच्चून चोरून हे केलंत. नोकरी गेली असती. नळाची चावी गेल्यावरही लिंबू जगलं, तेव्हा मला वाटलं होतं, ते आपोआप सावरलं. अण्णा, मला तेव्हा जो राग आला तसा आयुष्यात कधी आला नव्हता. एवढी भिंत फोडता आली, एवढा पाइप पुरता आला, आणि एक शब्द तोंडातून काढता आला नाही? मी घण उचलला आणि त्या जोडावर घालायला लागले. माझा हात मला तुमचा दिसत होता. तो बिहारी शेवटी म्हणाला, "बस कीजिए दीदी, पुराना पाइप है, उसने क्या बिगाड़ा है?"

गाडीत बसून आईला व्हिडिओ कॉल लावला. ती फोन उजव्या कानाला धरते, त्यामुळे मला पडद्यावर नेहमी तिचे पांढरे केस आणि कानातली कुडीच दिसते. आधी सांगावं की नाही कळेना. सांगितलं.

"ठाऊक होतं गो मला," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी हात धुवायच्या निमित्ताने आत यायचे आणि सिंकखाली वाकून चावी फिरवायचे. बहिरी केली ह्यांनी मला, आंधळी नव्हते मी."

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"ते बोलले?" ती म्हणाली. "लिंबं मात्र रसाळ यायची."

दुपारी आपली रांग पूर्ण पडली. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं. तुम्हाला मी माफ केलेलं नाही. आईने केलंय का, ते तिला विचारायची मला हिंमत नाही. पण घणाचे शेवटचे सगळे घाव मी त्या जोडावरच घातले होते, अण्णा. पाइप दोन्हीकडून वाकला, जोड सुटला नाही. सुटला असता तर मी तुम्हाला लिहायला बसले नसते.