गुळगुळीत कडा

१० जानेवारी १९९४, परभणी
सूर्यभानच्या केबल ऑफिसात दोन तास! विद्यापीठाच्या नामांतरासाठी जीव गेलेल्यांची आमच्या समितीची यादी, एकतीस नावं, चौदाला संध्याकाळी टीव्हीवर खालून वर सरकणार. सोबत माझं रेकॉर्ड केलेलं भाषण. आज नमुना पाहिला आणि डोकंच फिरलं. अक्षराच्या प्रत्येक तिरक्या कडेला करवतीचे दात! म्हटलं, "सूर्यभान, यादी हुतात्म्यांची आहे की सुतारांची?"
"सर, पडदा ठिपक्यांचा हाय. तिरकी रेघ काढली की जिनाच व्हतो."
थोर तत्त्वज्ञान.

११ जानेवारी
उपाय निघाला. कडेच्या ठिपक्यांना राखाडी छटा द्यायची, डोळा फसतो, कडा गुळगुळीत. सुरेख! फक्त एवढ्या छटांचं गणित करता करता संगणकाला धाप लागते. सेकंदाला पंचवीस चित्रं काढणारा गडी सहावर येतो आणि नावं गोगलगाईसारखी सरकतात.
सूर्यभान म्हणे, "धा मिनटांत समदी बसायची न्हाईत, सर. दात ऱ्हाऊ द्या. न्हाईतर ठिपक्यांच्या चार-चार ओळी उडवत नेतो, जरा धक्के बसतील."
धक्के! आमची माणसं जन्मभर धक्के खात जगली, आता मेल्यावरही खायचे? टेबलावर मूठ आपटली. एकट्या केबलवाल्यासमोर पाऊण तास बोललो. तो वायरी गुंडाळत बसला. जिंकलो!

१२ जानेवारी
सूर्यभान पुन्हा: "धा मिनटं झाली की पिक्चर लावावाच लागतो. गिऱ्हाईक शिव्या घालतंय."
म्हणालो, इतिहास पिक्चरसाठी थांबत नसतो! — टाळ्या पडल्या नाहीत.

१३ जानेवारी
गंगाखेडहून एसटीनं सरजाबाई आल्या. यादी माणसं गेली त्या क्रमानं आहे. त्यांच्या पोराचं नाव शेवटचं. "भाऊ, मला वाचता येत न्हाई. माझ्या लेकराचं नाव आलं की बोट दावा. लय लांबून आलेय."
सूर्यभाननं माझ्याकडे पाहिलं. "सर, अजून येळ हाय. दात ठिवू?"
बाईंसमोर माघार? मी? "कडा गुळगुळीतच हव्यात."

१४ जानेवारी
अक्षरं लोण्यासारखी. एकतिसांतलं एकविसावं नाव वर चढत होतं, तेव्हा पिक्चरला अर्धं मिनिट उरलं होतं. त्याच नावावर मी बोट ठेवलं. सरजाबाईंनी उठून पडद्याला हात लावला, तो कपाळाला लावला.