पाकीट फोडायच्या आधी

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कागदी पत्र बघून तुझ्या भुवया कपाळात गेल्या असतील. फोन असताना ही खारू शाई का सांडतेय, असं म्हणशील. फोन माझा उरलेला नाही गं. गेल्या वर्षी ज्या मुलाबद्दल तुला लाजत लाजत सांगितलं होतं, त्याने प्रेमाची खूण म्हणून माझे सगळे पासवर्ड मागितले आणि मी दिले. आता माझे मेसेज त्याच्या लॅपटॉपवरही उघडतात. उत्तराला जरा उशीर झाला की घाणेरड्या शिव्या, मग रडून माफी. नातं तोडते म्हटलं, तर मी विश्वासाने पाठवलेले फोटो बाबांना आणि आमच्या चष्म्याच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांना पाठवीन म्हणतो.

झोप उडालीय. परवा एका आजोबांच्या चष्म्याची काच घासताना कडेचा टवका उडाला. मालकीणबाई रागावल्या नाहीत, नुसती नवी काच पुढे ठेवली. कधी कधी वाटतं, आपण नसतोच तर बरं. बाबांना सांगू नकोस. त्यांच्या नजरेतून उतरले तर मला सहन व्हायचं नाही.

तुझ्या दोन ओळींची वाट बघणारी,
खारू

१० फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

आधी माझा गाढवपणा ऐक. माझी खोड तुला माहीत आहे. पाकीट हातात पडलं की ते फोडायच्या आधीच तुझ्या फोनवर ‘पत्र पोचलं’ असा मेसेज टाकून मोकळी होते. आजही तेच केलं, आणि मग वाचायला बसले. तो मेसेज त्याने पाहिला असणार.

स्कूल बस चालवताना मागे पोरं कितीही बोंबलू देत, स्टिअरिंगवरचा माझा हात हलत नाही. आज मात्र शाळेच्या फाटकाशी गाडी बंद करून नुसती बसून राहिले. अगं, विश्वास टाकणं हा गुन्हा नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी कशाला देतेस, आणि तीही स्वतःलाच?

उद्या वर्कशॉपच्या फोनवर तुला गाठतेच. पण बोलताना मला रडू येईल, म्हणून लिहूनही ठेवते. नसण्याचा विचार पुन्हा आला तर एकटी राहू नकोस, मालकीणबाईंजवळ जाऊन बस आणि मला फोन लाव. डॉक्टरांनाही भेट. त्याचा एकही मेसेज पुसू नकोस, तक्रारीला लागेल. तुझा बाबा शेजारच्या खोलीत पेपर वाचतोय. त्याला सांगायचं की नाही, ते तू ठरव. एवढं ओझं घेऊन रोज कामाला जातेस, वर स्वच्छ अक्षरात मला लिहितेस. तुझं फार कौतुक वाटतं, पोरी.

सदैव तुझ्या बाजूची,
आत्या

२६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा मेसेज त्याने पाहिलाच. कसलं पत्र, काय लिहिलंस, म्हणत उद्याच फोटो पाठवण्याची धमकी दिली. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला, तुझ्याशी बोलले आणि डोकं जरा चालायला लागलं. सगळ्यांना कळेल हीच त्याची धमकी ना, मग मीच सांगते. चहाच्या वेळी मशीन बंद झाल्यावर उभी राहिले. माझे खाजगी फोटो तुमच्या फोनवर येतील, उघडू नका, पुसू नका, मला सांगा, असं म्हटलं. मग बाबांना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी जेवलीस का, एवढंच विचारलं. सकाळी बॅग घेऊन दारात हजर! तेव्हापासून इथेच आहेत आणि रोज काहीतरी करपवून प्रेमाने वाढतात. त्यांना ओळखायला मीच कमी पडले.

त्याने फोटो पाठवलेच. मालकीणबाईंनी उघडलेसुद्धा नाहीत. फोन पर्समध्ये टाकून माझ्याबरोबर पोलिसांकडे आल्या, आणि परतताना म्हणाल्या की आता चल लवकर, आजोबांचा चष्मा राहिलाय. संध्याकाळी मी ती काच बसवली. टवका उडाला नाही.

त्याला चौकशीला बोलावलंय. पुढचं पुढे. दर आठवड्याला समुपदेशक बाईंकडे जाते. फोन वाजला की अजून छातीत धस्स होतं, पण झोप थोडी थोडी परत येतेय. पासवर्ड सगळे बदलले, त्याचा लॅपटॉपही तोडून टाकला माझ्या फोनपासून.

तुझ्या गाढवपणाला माझा दंडवत. आता एक हट्ट पुरव. हे पाकीट हातात पडलं की नेहमीसारखं फोडायच्या आधीच ‘पत्र पोचलं’ असा मेसेज टाक. या वेळी तो मी एकटीच वाचणार आहे.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
खारू