आटवलेलं पाणी

५ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या विहिरीच्या पाण्याची बाटली आमच्या गाडीच्या ड्रायव्हरमामांनी प्रयोगशाळेत आणून दिली. तपासणी मीच केली आणि आकडा बघून पुन्हा एकदा केली. लिटरमागे ब्याऐंशी मिलिग्रॅम नायट्रेट. शेजारच्या शेतातलं खत झिरपत असणार. पन्नासच्या वर गेलं की तान्ह्या बाळाला ते सोसत नाही. रक्त प्राणवायू नीट वाहून नेऊ शकत नाही आणि ओठ निळे पडतात. मोठ्यांना सहसा तसं होत नाही, म्हणून आपल्याला कधी पत्ता लागला नाही.

वहिनीची सुट्टी संपतेय, बाळ तुझ्याकडे राहणार आणि पावडरचं दूध पिणार, हे सगळं ठरलंय. तू पाळणा पुसून ठेवलास, तेही दादाने सांगितलं. तरी बाळाला इतक्यात नेऊ नका, असं मी त्याला कळवलंय. तुझा फोन अजून मुकाच आहे, म्हणून हे पत्र. मला इथे चैन नाही. जेवता जेवता उठून आकडा पुन्हा बघून येते.

रागावलीस तर रागासकट लोभ असू दे.
तुझी,
बारकी

९ जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तू शिकलीस याचा मला अभिमान आहे, पण म्हणून माझ्या नातवाला दारातूनच परत पाठवायचं? तुम्ही दोघं याच पाण्यावर वाढलात. दादा तर इतका वाढला की दारात वाकून येतो. वहिनी बिचारी माझ्यापुढे बोलत नाही, पण तुझ्या शब्दाने घाबरली आहे.

आणि पाणी खराब कसं निघेल, तेच मला कळत नाही. मुलीच्या कचेरीत चार लोक बघणार, त्यांच्यापुढे कच्चं पाणी कसं पाठवायचं? म्हणून मी ते चांगलं उकळून, आटवून, दुहेरी फडक्याने गाळून मगच बाटलीत भरलं. एवढं करूनही तुझं यंत्र नावं ठेवतं, तर यंत्रच दुरुस्तीला टाक.

जेवणातून उठत जाऊ नकोस.
तुझी,
आई

१२ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी प्रयोगशाळेत एकटीच हसत सुटले. आमचे साहेब डोकावून गेले. अगं, तपासायला पाणी पाठवायचं ते जसं असेल तसं. पाहुण्यांपुढे ठेवल्यासारखं आवरून नव्हे!

उकळल्यावर पाणी वाफ होऊन जातं, त्यात विरघळलेलं नायट्रेट मात्र जात नाही. रस्सा फार आटला की खारट लागतो ना, तसंच. मीठ तेवढंच, पाणी कमी. ते फडक्यात अडकत नाही आणि उकळून मरतही नाही. म्हणजे मी मोजलं ते आपल्या विहिरीचं पाणी नव्हतंच. ड्रायव्हरमामांबरोबर दुसरी बाटली पाठव. पोहऱ्यातून थेट बाटलीत आणि बूच घट्ट. चूल पेटवायची नाही.

तोवर जीव टांगणीला आहे.
तुझी,
बारकी

१७ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

कच्चं पाणी एक्केचाळीस! मर्यादेच्या आत. मी दादाला लगेच फोन केला, तो आज-उद्या बाळाला घेऊन निघतोय. उगाच सगळ्यांचा जीव खालीवर केला, त्याबद्दल माझे कान धर.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. ब्याऐंशी आणि एक्केचाळीस, म्हणजे बरोबर दुप्पट. म्हणजे तू पाणी नेमकं निम्मं आटवलंस. अंदाजाने उकळणाऱ्याचा हिशेब असा काटेकोर कसा जुळेल? सहज विचारते.

बाळाचा पापा घे.
तुझी,
बारकी

२० जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा बाळ आलं. घर भरून गेलं.

अंदाज कसला? बाळांच्या पाण्याचं ते जाड बुडाचं पातेलं आठवतं ना? आत मधोमध खूण आहे. काठोकाठ भरायचं आणि खुणेपर्यंत आटवायचं. माझ्या सासूबाईंनी शिकवलं. तुम्हाला मात्र अंगावरच पाजलं, म्हणून ते माळ्यावर पडून होतं. बाटलीसाठी काढलं आणि तेव्हापासून खालीच आहे. आता बाळाचं दूध त्याच पाण्यात कालवते. तू एवढी काळजी करतेस म्हणून हल्ली खुणेच्याही खाली जाऊ देते.

आता निश्चिंत जेव.
तुझी,
आई

२२ जून

आई,

नमस्कार वगैरे नंतर. ड्रायव्हरमामांना गाडी तशीच तुझ्याकडे वळवायला सांगितली आहे. सोबत हे पत्र आणि पाण्याचे कॅन आहेत. बाळाचं दूध फक्त त्यातलंच, आणि उकळी आली की लगेच गॅस बंद.

मी तुला हसले, पण पहिली बाटलीच खरी होती. बाळ विहिरीचं पाणी पीत नाही, तू आटवलेलं पितं. मी तेच मोजलं होतं आणि चूक म्हणून टाकून दिलं.

ओठ आणि नखं उजेडात बघ. काहीही दिसलं नाही तरी त्याच गाडीने डॉक्टरांकडे जा. मी रात्रीच्या गाडीने निघते.

बारकी

२२ जून, संध्याकाळ

चि. बारकीस,

तू रात्री निघशील. मी रात्रीचं सामान न्यायला घरी आले होते; चुकामूक झाली तर असावी म्हणून चिठ्ठी दाराला लावून बाळाला घेऊन पुन्हा दवाखान्यात जाते. सकाळी ओठ जरा काळसर वाटले होते, मी म्हटलं थंडी असेल. दुपारी डॉक्टरांनी रक्त तपासून औषध दिलं. वेळेत आणलंत, म्हणाले. आता फक्त रात्रभर नजरेखाली ठेवणार आहेत. रंग परतलाय आणि भुकेने रडतोय.

कॅनचं पाणी तापवून बरोबर घेतलंय. उकळी फुटली तेव्हा गॅस बंद करायला हात धजेना गं. एवढ्यातच उतरवलं तर बाळाचं काही केलंच नाही असं वाटत राहिलं. पण केला बंद.

किल्ली शेजारी आहे. आधी जेव, मग ये.
तुझी,
आई