माझ्या चार सिटांची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय चोवीस, काम औषधांची पाकिटं सायकलवरून घरोघर पोचवणे आणि उरलेल्या वेळात लांब कुठेतरी निघून जाणे, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाचाही दबाव नसताना हे लिहून ठेवत आहे. दबाव आहे, पण तो एकाच जागी आहे. तिथे सायकलच्या सीटमुळे गळू झालंय आणि डॉक्टरीणबाई अकरा वाजता ते कापणार आहेत. ताई म्हणते, "अरे, दहा मिनिटांचं काम, त्याला मृत्युपत्र कसलं?" कापायचं तिचं नाही, माझं आहे.

कलम १. लोक म्हणतात, माझ्या पायाला भिंगरी आहे. शाळा अर्धी सोडली, तीन नोकऱ्या सोडल्या, बूड कुठे टेकलं नाही. खरं सांगतो, पायांची तक्रार कधीच नव्हती. टेकायलाच नीट जागा मिळाली नाही.

कलम २. मऊ जेल भरलेली जाड सीट दाजींना. दाजी म्हणजे ताईचे यजमान. सायकलवर शेवटचे बसले ते लग्नाआधी. "गादी जाड तितकं सुख," हा सल्ला त्यांचाच. वाकून चालवणाऱ्याखाली जाड गादी दोन बाजूंनी दबते आणि मधून वर येते, नको तिथे. ती त्यांनी टीव्हीसमोरच्या खुर्चीत घालावी आणि सल्ले चालू ठेवावेत.

कलम ३. चामड्याची सीट सायकल-मिस्त्रींना परत. म्हणाले होते, "सहा महिने काढ, ती तुझ्या अंगाचं वळण घेईल." सहा महिन्यांत मीच तिचं वळण घेतलं. सोबत सायकलचे स्क्रू पिळायच्या माझ्या ॲलन-किल्ल्यांचा जुडगा. त्यातली पाच नंबरची हरवली आहे. ती शोधायला मागे फिरलो तेव्हा एक रस्ता सापडला, दोन्हीकडे झाडं, मध्ये एक कुत्रं नाही, आणि असा उतार की... असो. ते राहू दे.

कलम ४. रुंद सीट मिस्त्रींच्या दुकानात भिंतीला टांगावी, म्हणजे बाकीचे शहाणे होतील. चूक माझीच. मिस्त्री म्हणाले होते, "पुठ्ठ्यावर बस, बुडाच्या हाडांचे दोन ठसे उमटतील, मधलं अंतर मोज." मी स्टुलावर पुठ्ठा ठेवला, बसलो, मोजलं. त्या मापाची सीट दोन महिने चालवली आणि गळू कमावलं. परवा त्यांनी विचारलं,

"बसला होतास कसा?"

"नीट. जेवायला बसतो तसा."

"अरे गाढवा! बस म्हणजे सायकलवर बसतोस तसं! तुझं नाक हँडलला लागतं. इतकं वाकलं की कंबर पुढे कलते, हाडांचा मागचा रुंद भाग उचलला जातो, टेकतो तो पुढचा अरुंद."

तिथेच वाकून पुन्हा बसलो. माप तीस मिलिमीटरने कमी भरलं. गिऱ्हाइकं बघत होती. बघू देत.

कलम ५. सायकल ताईला, एका अटीवर. तिने बजावलंय, "बरा झालास की हँडल चार बोटं वर घ्यायचं, नाहीतर सायकल विकून टाकते." ताई, ताठ बसलं की वारा छातीवर येतो, वाकलं की पाठीवरून निघून जातो. दिवसभरात तेवढाच वेळ मला दुसरीकडे कुठे जावंसं वाटत नाही. म्हणून मी गेलो तरी हँडल वर करू नये.

कलम ६. चौथी सीट. अरुंद, आखूड नाकाची, मधोमध लांब खाच. काल बसवली. तिच्यावर अजून कोणी बसलेलं नाही. आधी दाजींना लिहिली, खोडली. मिस्त्रींना लिहिली, खोडली. ती दुसऱ्या कोणाच्याच मापाची नाही. सबब कोणालाही देत नाही. मी बाहेर येतोय.

स्थळ: दवाखान्यातल्या बाकाशेजारी, उभ्याने.
दिनांक: आजचा. वेळ दहा चाळीस.
सही: केली आहे.

साक्षीदार पहिले, मिस्त्री: सही माझ्यासमोर झाली. करताना वाकला होता, बरोबर वाकला होता.

साक्षीदार दुसरी, ताई: "पूर्ण शुद्धीत" याला माझी हरकत आहे. हँडलला हात लावत नाही. जा आता आत.