उजव्या हातावरचा डाग

प्रिय जनेल,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. एकतीस वर्षं वाड्यावस्त्यांवर लोकांचं टपाल वाटलं, आता एक पत्र स्वतःचं. "आई, तिथे तुला कातडीचा डॉक्टर मिळायचा नाही. घर विक आणि डेन्व्हरला ये," हे तू महिनाभर घोकते आहेस. तर ऐक. घर विकणार नाही. डॉक्टर मिळाली.

सहजासहजी नाही मिळाली. मेडिकेअर, म्हणजे आम्हा म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, घेणाऱ्या डॉक्टरांच्या यादीत अकरा नावं होती. त्यातल्या एकाला जाऊन तीन वर्षं झाली. त्याच्या घरी सांत्वनाची पत्रं मीच टाकली होती. एक फक्त सुरकुत्या घालवतो, तेही रोख घेऊन. बाकीच्यांचं एकच पालुपद, मेडिकेअरचे नवे पेशंट घेत नाही. एका दवाखान्यातली पोरगी म्हणाली, "आजी, पुढच्या वर्षी बघा ना." मी म्हटलं, "डागाला विचारते गं, थांबतो का तोवर." तिने फोन ठेवला. मी रडले वगैरे नाही. भांडी घासली, जरा आदळआपट करत.

मग हॉलिस आला, माझ्या जागी आता टपाल वाटतो तो. म्हणाला, "अहो वर्लाबाई, यादी कसली बघताय? पलीकडच्या गावात दातांच्या दवाखान्याबाहेर नवी पत्रपेटी लागलीय. कातडीची डॉक्टरीण आहे, मंगळवारी येते." तिचं नाव यादीत अजून यायचं होतं, पण पेटीवर आलं होतं. मंगळवारी मी गाडी काढली आणि मेडिकेअरचं कार्ड त्यांच्या टेबलावर आपटलं. घेतलं त्यांनी.

डॉक्टरीणबाईंनी हात बघितला आणि विचारलं, "हा हात गाडीच्या खिडकीबाहेर उन्हात असायचा ना?" असायचाच, टपालाच्या गाडीचं स्टिअरिंग पेट्यांच्या बाजूला, उजवीकडे असतं. डाग कापून काढला. कॅन्सर निघाला, वाईट जातीचा, पण वेळेत सापडला. सगळा काढलाय. तुला दोन आठवडे सांगितलं नाही, रागवायचं तर रागव. पण त्यांनी पुढे विचारलं, मुलं आहेत का? पोटच्या मुलांनीही तपासून घ्यायला हवं म्हणे. मला तुझ्या डाव्या खांद्याखालचा तीळ आठवला. लहानपणी न्हाऊ घालताना तो तिळाएवढाच होता. गेल्या उन्हाळ्यात तळ्यावर दिसला तेव्हा वाटाण्याएवढा झाला होता, आणि मी गप्प बसले. त्याची मला फार भीती वाटते आहे, जनेल. तुझ्या शहरात तर डॉक्टर पायलीचे पन्नास आहेत ना? मग पंधरा दिवसांत जाऊन दाखवून ये. नाही गेलीस तर खरंच घर विकीन आणि तुझ्याकडे कायमची राहायला येईन.

तुझीच हट्टी,
आई